ओझरचे मिग आणि जोरहाटचे पुष्पक

दिंडोरीहून जानोरीमार्गे ओझरकडे निघालेल्या गाडीत कोणी ‘मिगला उतरायचंय’ असे म्हटले, तर आमच्या भागात कोणालाही नवल वाटत नाही. मिग हे इथे थांब्याचे नाव आहे, वसाहतीचे नाव आहे, नोकरीचेही नाव आहे. ‘त्याचा थोरला मिगमध्ये आहे’ एवढे सांगितले की सोयरिकीच्या बोलण्यात निम्मे काम होते. मिकोयान आणि गुरेविच या दोन सोव्हिएत अभियंत्यांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून हा शब्द झाला. त्यातला मधला ‘इ’ म्हणजे रशियन भाषेतला ‘आणि’. मॉस्कोतल्या दोन माणसांची नावे आणि त्यांच्यामधले उभयान्वयी अव्यय कादवेच्या खोऱ्यात ग्रामनामासारखे रुळले, ही भाषेची गंमत मला वर्षानुवर्षे वाटत आली आहे.

या लेखाचा विषय मात्र मिग नाही. मिग हे उघड उघड लढाऊ विमान. त्याचे काम काय, याबद्दल लहान मुलालाही शंका नसते. मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच एका जातीचे. जेट प्रवासी विमानांच्या पहिल्या पिढीतली काही विमाने हवाई दलांच्या गणवेशात कशी गेली, तिथे त्यांनी काय केले आणि त्यांच्यात बसलेल्या माणसांचे काय झाले, हा तो विषय. मिग ज्या देशातून आणि ज्या काळात ओझरला आले, त्याच देशातून आणि त्याच काळात अशी तीन प्रवासी जेट विमाने भारतीय हवाई दलात आली. त्यांच्या नावाने कुठे थांबा नाही. त्यांतल्या एकाची कथा आसाममधल्या एका भातशेतात संपली. त्या भातशेतापर्यंत पोचायचे तर सुरुवात मुंबईच्या जुहूपासून करावी लागेल.

जुहूवर उतरलेला धूमकेतू

जगातले पहिले जेट प्रवासी विमान म्हणजे ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचे ‘कॉमेट’. कॉमेट म्हणजे धूमकेतू. त्याचे पहिले उड्डाण 27 जुलै 1949 रोजी झाले आणि 2 मे 1952 रोजी लंडन ते जोहान्सबर्ग ही जेटची पहिली नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडन–कोलंबो मार्ग सुरू झाला आणि त्यावर कराचीनंतरचा मुक्काम मुंबई होता. म्हणजे जेट प्रवासाचे युग सुरू झाल्यानंतर चारच महिन्यांत ते सांताक्रूझला टेकले होते.

पुढच्याच वर्षी, जुलै 1953 मध्ये, एका कॉमेटच्या वैमानिकाने सांताक्रूझ समजून विमान शेजारच्या जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरवले. दोन्ही तळ अगदी जवळजवळ. जुहूची धावपट्टी जेटसाठी बांधलेलीच नव्हती. विमान थांबले हे नशीब, पण आता ते उडवायचे कसे? शेवटी वजन शक्य तितके कमी करून नऊ दिवसांनी ते तिथून उडवले गेले. नव्या यंत्राला जुनी जमीन अपुरी पडते, हे मुंबईकरांनी असे डोळ्यांनी पाहिले. पुढे हवाई दलांनाही हाच धडा मिळाला. जेट विकत घेणे सोपे असते. त्याला लागणारी लांब धावपट्टी, दिवे, इंधन आणि हवामानाची माहिती प्रत्येक तळावर पुरवणे हे अवघड.

कॉमेट त्या वेळच्या पंख्याच्या विमानांपेक्षा बरेच वेगाने आणि सुमारे दुप्पट उंचीवरून उडे. उंचावर हवा विरळ असते. तिथे जेट इंजिनाला कमी इंधनात जास्त पल्ला गाठता येतो. माणसाला मात्र तिथे श्वास घेता येत नाही, म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरावी लागते. विमान वर गेले की केबिन फुग्यासारखी किंचित ताणली जाते, खाली आले की सैल पडते. प्रत्येक फेरीत हे एकदा घडते. बादलीच्या कडीची तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती एके दिवशी हलक्या हाताने तुटते. धातूची ही थकावट अभियंत्यांना ठाऊक होती, पण ती इतक्या लवकर येईल असे कोणाला वाटले नव्हते.

2 मे 1953 रोजी, सेवेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, कोलकात्याहून निघालेले कॉमेट वादळात मोडून पडले. त्यातले सर्व 43 जण गेले. 10 जानेवारी 1954 रोजी एल्बा बेटाजवळ दुसरे आणि 8 एप्रिल 1954 रोजी नेपल्सजवळ तिसरे विमान हवेतच फुटले. मग फार्नबरो इथे एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवून त्याच्या केबिनवर पुन्हा पुन्हा दाब देण्यात आला. खरी उड्डाणे आणि टाकीतली नकली उड्डाणे मिळून 3,057 फेऱ्यांनंतर केबिन फाटली. चौकोनी छिद्रांच्या कोपऱ्यांशी आणि रिव्हेटच्या भोकांशी ताण साचत होता. आज कोणत्याही विमानाच्या खिडकीचे कोपरे गोल दिसतात, ते या मृत्यूंमुळे.

गणवेशातली पहिली जेट

प्रवासी जेट विमान सेवेत घेणारे जगातले पहिले हवाई दल कोणते, असे विचारले तर बहुतेक जण अमेरिका किंवा ब्रिटन म्हणतील. खरे उत्तर आहे कॅनडा. रॉयल कॅनेडियन एअर फोर्सच्या 412 क्रमांकाच्या स्क्वाड्रनने 1953 मध्ये दोन कॉमेट विमाने घेतली. 1954 च्या अपघातांनंतर ती जमिनीवर बसवली गेली, त्यांच्या केबिनची मजबुती करण्यात आली आणि 1957 मध्ये ती पुन्हा उडू लागली. प्रवासी कंपन्यांनी ज्या विमानाकडे पाठ फिरवली ते सैन्याने दुरुस्त करून वापरले.

ब्रिटनमध्येही तेच झाले. पुढच्या नमुन्याची जी कॉमेट विमाने प्रवासी कंपनीसाठी बनत होती, ती आता तिकीट काढून कोणी बसेल अशी राहिली नव्हती. त्यांचा पत्रा जाड करून, खिडक्या बदलून ती रॉयल एअर फोर्सच्या 216 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला देण्यात आली. 1956 मध्ये ही जगातली पहिली लष्करी जेट वाहतूक स्क्वाड्रन झाली. काही कॉमेटच्या पोटात आसनांऐवजी रेडिओ ऐकणारी यंत्रे बसवली गेली आणि ती शत्रूच्या रडारांचे कान टिपत फिरू लागली. याच घराण्यातून पुढे समुद्रावर पाणबुड्या शोधणारे ‘निमरॉड’ विमान निघाले आणि ते 2011 पर्यंत ब्रिटनच्या सेवेत राहिले. प्रवासी म्हणून कॉमेटची कारकीर्द डागाळली, पण सैनिक म्हणून त्याचे घराणे साठ वर्षे टिकले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हवाई दलाला प्रवासी जेट कशासाठी लागते? पहिले काम मंत्री, सेनापती आणि राष्ट्रप्रमुख यांना नेण्याचे. दुसरे, सैनिक व सुटे भाग दूरच्या तळांवर पोचवण्याचे. तिसरे काम कमी दिसते आणि जास्त महत्त्वाचे आहे. प्रवासी विमानाचे पोट म्हणजे उंचावर, वेगाने, तासन्‌तास उडणारी एक मोठी बंद खोली. त्या खोलीत खुर्च्या लावल्या तर ते प्रवासी विमान, टाक्या लावल्या तर हवेतच इंधन भरणारे विमान, टेबले आणि नकाशे लावले तर नॅव्हिगेटरांची शाळा, यंत्रे लावली तर हेर. पिंड तोच, पेशा वेगळा.

बॉम्बफेक्याचा भाऊ

पश्चिमेकडे प्रवासी विमान सैन्यात गेले. सोव्हिएत संघात प्रवास उलट दिशेने झाला. आंद्रेय तुपोलेव यांच्या कार्यालयाने ‘तू-16’ हे जेट बॉम्बफेकी विमान बनवले होते. 1952 मध्ये ते प्रथम उडाले. त्याचे मागे झुकलेले पंख, त्याची इंजिने, त्याची चाके आणि शेपूट जवळपास तशीच ठेवून मधले धड तेवढे नवे, रुंद आणि दाब धरणारे केले की प्रवासी विमान तयार. हेच ‘तू-104’. त्याचे पहिले उड्डाण जून 1955 मध्ये झाले.

22 मार्च 1956 रोजी हे विमान लंडनला उतरले. ख्रुश्चेव यांच्या आगामी भेटीची सुरक्षा व्यवस्था पाहण्यासाठी गुप्तहेर खात्याचे प्रमुख सेरोव त्यातून आले होते. सोव्हिएत देशाकडे प्रवासी जेट आहे हे पाश्चात्त्य जगाला तेव्हा कळले, आणि ते कळावे हाच हेतू होता. खुद्द ख्रुश्चेव मात्र एप्रिलमध्ये लंडनला युद्धनौकेतून गेले. लगेच जूनमध्ये ब्रिटनचे हवाई मंत्री रॉयल एअर फोर्सच्या नव्या कॉमेटमधून मॉस्कोला पोचले. दोन्ही बाजूंनी विमान हे उत्तर होते आणि प्रवासी हे निमित्त. सप्टेंबर 1956 मध्ये तू-104 नियमित सेवेत आले. त्यानंतर ऑक्टोबर 1958 मध्ये सुधारलेले कॉमेट परत येईपर्यंत जगात नियमित प्रवासी सेवा देणारे ते एकमेव जेट होते.

बॉम्बफेक्याचे रक्त या विमानात दिसत असे. नाकाला काच होती आणि त्या काचेमागे नॅव्हिगेटर बसे. मूळ विमानात तिथून लक्ष्य पाहायचे होते, आता तिथून नद्या आणि रेल्वेमार्ग पाहून वाट ओळखायची होती. विमान उतरल्यावर वेग आवरेना, म्हणून लढाऊ विमानासारखी शेपटीतून छत्री सोडण्याची सोय होती. वैमानिक, सहवैमानिक, नॅव्हिगेटर, रेडिओवाला अशी चालक मंडळी सगळी पुढच्या निमुळत्या भागात एकवटलेली. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा.

तू-104 ला लांब धावपट्टी लागे. लहान शहरांसाठी तुपोलेव यांनी त्याचीच सुमारे तीन-चतुर्थांश आकाराची प्रतिकृती केली. ती ‘तू-124’. 1960 मध्ये उडालेल्या आणि ऑक्टोबर 1962 पासून सेवेत आलेल्या या विमानाची दोन इंजिने टर्बोफॅन जातीची होती. साध्या जेटमध्ये सगळी हवा ज्वलनातून जाते. टर्बोफॅनमध्ये पुढचा मोठा पंखा काही हवा बाहेरच्या बाहेर मागे लोटतो, त्यामुळे इंधन कमी लागते आणि आवाजही उतरतो. आज आपण ज्या विमानाने जातो त्याची इंजिने याच तत्त्वावर चालतात. लहान पल्ल्याच्या प्रवासी विमानाला टर्बोफॅन मिळाले ते इथे पहिल्यांदा.

21 ऑगस्ट 1963 रोजी टालिनहून मॉस्कोला निघालेल्या अशाच एका विमानाचे पुढचे चाक अडकले. लेनिनग्राडवर घिरट्या घालताना इंजिने बंद पडली, आणि वैमानिकाने विमान शहरातून वाहणाऱ्या नेवा नदीवर उतरवले. आतले सर्व 52 जण वाचले. विमानाची मजबुती आणि चालकाचे कसब यांचा असा दाखला क्वचितच मिळतो. सोव्हिएत हवाई दलाने हेच विमान नॅव्हिगेटर शिकवण्यासाठी घेतले. बॉम्बफेक्यापासून प्रवासी झालेले यंत्र एका पिढीत परत बॉम्बफेकीचे धडे देऊ लागले.

अमेरिकेत ही दोन्ही रूपे जुळ्या भावंडांसारखी जन्मली. बोइंगने 1954 मध्ये एक नमुना विमान उडवले. त्यातून आधी हवाई दलासाठी इंधन भरणारे ‘केसी-135’ निघाले आणि मग धड थोडे रुंद करून प्रवासी ‘707’. 1959 मध्ये अमेरिकन अध्यक्षांसाठी हवाई दलाने 707 घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयझेनहॉवर भारतात आले ते या जेटमधून.

दिल्लीच्या पालमवर

भारतीय हवाई दलाने मोठ्या माणसांना नेण्यासाठी आधी पंख्याची विमाने वापरली. 1955 च्या भेटीत सोव्हिएत नेत्यांनी पंडित नेहरूंना एक इल्यूशिन-14 भेट दिले होते. नंतर टर्बोप्रॉप व्हायकाउंट आली. एअर इंडियाकडे 1960 मध्ये बोइंग 707 येऊ लागली आणि 1962 मध्ये ती पूर्णपणे जेट ताफा असलेली जगातली पहिली कंपनी ठरली. तेव्हा तिच्या ताफ्यातून सुटलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमाने हवाई दलाने घेतली. ती पुण्याच्या लोहगाव तळाशी नाते असलेल्या 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे गेली आणि समुद्रावर टेहळणी करू लागली. 1976 मध्ये ती नौदलाकडे सोपवली गेली. म्हणजे कालपर्यंत जी विमाने मुंबईहून लंडनला लोकांना नेत होती, तीच आता अरबी समुद्रात जहाजे मोजत होती.

जेट प्रवासी विमान हवाई दलाकडे आले ते 1966 च्या सुमारास. तीन तू-124 विमाने, तीही ‘के’ प्रकारची, म्हणजे गर्दीच्या आसनांऐवजी बैठकीची खोली असलेली. ती दिल्लीच्या पालम तळावरच्या हवाई मुख्यालयाच्या दळणवळण स्क्वाड्रनमध्ये रुजू झाली. राष्ट्रपती, प्रधानमंत्री आणि सरसेनापती यांची ने-आण हे त्यांचे काम.

या काळाचा नाशिकशी असलेला धागा इथे उलगडतो. चीन युद्धाच्या धक्क्यानंतर नोव्हेंबर 1962 मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि 1963 मध्ये नाशिक मतदारसंघातून बिनविरोध लोकसभेवर गेले. 1964 मध्ये ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिग कारखाना उभा राहिला. इंजिने ओरिसात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक भाग हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा ओझरला, अशी वाटणी झाली. यशवंतराव नोव्हेंबर 1966 मध्ये गृहखात्यात गेले. सोव्हिएत विमानांकडे भारताने मोर्चा वळवला तो या वर्षांत. त्या वळणाची एक फांदी आमच्या ओझरला फुटली आणि दुसरी पालमच्या त्या तीन तू-124 वर.

भातशेतातली रात्र

तीनांपैकी ‘व्ही 643’ क्रमांकाचे विमान ‘पुष्पक’ म्हणून ओळखले जाई. नाव समर्पक होते. पुष्पक मुळात कुबेराचे, ते रावणाने हिरावले आणि शेवटी त्यातून राम अयोध्येला परतले. मालक बदलत गेले तरी विमान एकच. त्यात कितीही बसले तरी आणखी एकाला जागा उरते, असे आपल्याकडे सांगतात.

4 नोव्हेंबर 1977. अश्विन वद्य पक्ष चालू होता, दिवाळी आठवड्यावर आली होती. प्रधानमंत्री मोरारजी देसाई ईशान्य भारताच्या दौऱ्यासाठी दिल्लीहून पुष्पकमधून आसाममधल्या जोरहाटला निघाले. त्यांच्याबरोबर त्यांचे चिरंजीव कांतिलाल, गुप्तवार्ता विभागाचे संचालक जॉन लोबो आणि अरुणाचलचे मुख्यमंत्री पी. के. थुंगन होते. जोरहाटजवळ आल्यावर, अंधारात, विमान धावपट्टीवर पोचू शकले नाही. टेकेलागाव नावाच्या खेड्याच्या शिवारात ते कोसळले.

विमानाचा पुढचा भाग मोडला. मागची केबिन धड राहिली. 81 वर्षांचे प्रधानमंत्री आपल्या पायांनी चालण्याच्या अवस्थेत बाहेर आले. त्यांच्याबरोबरचे मान्यवरही वाचले. विंग कमांडर क्लॅरन्स डिलिमा आणि त्यांचे चार सहकारी, असे चालक दलाचे पाच जण मात्र गेले. गावकऱ्यांनी त्या रात्री जखमींना मदत केली आणि देशाच्या प्रधानमंत्र्याला खेड्यातल्या घराचा आसरा मिळाला.

मराठी वाचकाला मोरारजी हे नाव संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या गोळीबारासह आठवते. 1956 मध्ये मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद त्यांच्यानंतर यशवंतरावांकडे आले होते. 1977 च्या त्या रात्री मोरारजी प्रधानमंत्री होते आणि यशवंतराव लोकसभेत विरोधी पक्षनेते. ज्यांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळात ही विमाने आली, त्यांच्याच जुन्या प्रतिस्पर्ध्याला घेऊन त्यांतले एक पडले. अशा योगायोगांतून अर्थ काढू नये. पण सत्तेतली माणसे किती थोड्या यंत्रांवर विसंबून असतात, एवढे त्यातून दिसते.

त्या अपघाताचे वर्णन पाच जणांच्या बलिदानामुळे प्रधानमंत्री वाचले, असे नेहमी केले जाते. ते भावनेला धरून आहे. मला त्यात यंत्राच्या घडणीचाही वाटा दिसतो. चालकांना पुढच्या निमुळत्या नाकात बसवणे ही बॉम्बफेक्याकडून आलेली वारसा-रचना. बॉम्बफेक्यात सगळे एकाच जोखमीचे भागीदार असतात. प्रवासी विमानात आणि त्यातही प्रधानमंत्र्यांच्या विमानात, मागची बैठकीची खोली आणि पुढची चालकांची जागा यांच्यामध्ये केवळ पडदा नसतो, जोखमीची वेगवेगळी वाटणी असते. जमिनीला आधी भिडते ते नाक.

सव्वातीन वर्षांनंतर, 7 फेब्रुवारी 1981 रोजी, लेनिनग्राडजवळच्या पुश्किन तळावरून उडताना सोव्हिएत नौदलाचे एक तू-104 कोसळले. 50 जण गेले, त्यांत पॅसिफिक आरमाराचे प्रमुख आणि अनेक ॲडमिरल होते. वजनाची मांडणी चुकली आणि उडतानाच तोल गेला. लढाई न होता एका आरमाराचे नेतृत्व संपले. प्रवासी विमान लष्करात आले की त्याला लष्करी शिस्त मिळते, पण दर्जा वाढल्याने भौतिकशास्त्राचे नियम सवलत देत नाहीत. आणि ज्या विमानात सर्वात वरिष्ठ माणसे बसतात, त्यात वजनाबद्दल वैमानिकाला ‘नाही’ म्हणणे सर्वात अवघड असते.

भारतीय हवाई दलाची उरलेली तू-124 विमाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गेली आणि त्यांची जागा बोइंग 737 ने घेतली.

छत्री कोणाला

आता परत आमच्याकडे. 27 जून 2018 रोजी ओझरहून चाचणीसाठी उडालेले एक सुखोई-30 निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंतजवळ वावी-तुशी शिवारात पडले. 4 जून 2024 रोजी दुसरे सुखोई शिरसगाव शिवारात पडले. दोन्ही वेळा शेतजमिनीचे नुकसान झाले, लोक धावले. पण दोन्ही वेळा दोन्ही वैमानिक छत्रीने उतरले आणि वाचले. खुर्चीखालच्या स्फोटक नळकांड्याने माणूस क्षणात विमानाबाहेर फेकला जातो, मग छत्री उघडते. ओझरच्या कारखान्यात ही खुर्ची बसवताना कामगारांना किती काळजी घ्यावी लागते, हे इथल्या घराघरांत ऐकायला मिळते.

प्रवासी विमानात ही खुर्ची नसते. तांत्रिक कारणे आहेत: दाब धरणारी केबिन, डोक्यावरचे छत, वजन. मुख्य कारण तांत्रिक नाहीच. मागे प्रवासी बसलेले असताना चालकाने एकट्याने बाहेर पडायचे नाही, हा प्रवासी विमानाचा अलिखित करार आहे. लढाऊ विमानाचा वैमानिक गणवेशात असतो आणि त्याला परत येण्याची वाट असते. प्रवासी जेट उडवणारा वैमानिकही गणवेशातच असतो, पण त्याची वाट प्रवाशांच्या वाटेशी बांधलेली असते. टेकेलागावच्या शिवारात पाच जणांनी हा करार पाळला. प्रवासी विमान हवाई दलात गेले म्हणून ते लष्करी झाले असे आपण म्हणतो. माझ्या मते ते खरे नाही. रंग बदलला, खुणा बदलल्या, पण त्याचा धर्म प्रवाशांना पोचवण्याचाच राहिला आणि उडवणाऱ्यांनी तो धर्म स्वीकारला.

काळ पुढे सरकला तशी ही वाट बंद झाली नाही, रुंदच झाली. आज नौदलाचे ‘पी-8आय’ हे टेहळणी विमान बोइंग 737 च्या सांगाड्यावर बनलेले आहे. एअर इंडियाची सहा जुनी एअरबस विमाने रडार बसवून हवाई दलासाठी टेहळणीला घेण्याचा प्रकल्प संरक्षण संशोधन संस्थेकडे आहे. 1962 मध्ये सुपर कॉन्स्टेलेशनचे जे झाले, तेच साठ वर्षांनी घडते आहे.

आणि ओझर? मिग-21 बांधणारा हा कारखाना पुढे मिग-27 आणि सुखोईकडे वळला. शेजारी हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे. मिग-21 ने 26 सप्टेंबर 2025 रोजी हवाई दलाचा निरोप घेतला. त्याआधी, सप्टेंबर 2023 मध्ये, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने एअरबसशी करार केला आहे: ए-320 जातीच्या प्रवासी विमानांची देखभाल नाशिकच्या कारखान्यात करण्याचा. त्याच धावपट्टीच्या दिंडोरी तालुक्याकडच्या अंगाला, जानोरीला, प्रवासी टर्मिनल उभे आहे. एका बाजूला लढाऊ विमान जुळवले जाते, दुसऱ्या बाजूला द्राक्षांच्या हंगामात व्यापारी आणि मुंबई-दिल्लीला निघालेली कुटुंबे उतरतात-चढतात, आणि मधली धावपट्टी दोघांची. लष्करी आणि नागरी यांच्यातली जी सीमा आपण कागदावर ठळक काढतो, ती इथे तालुक्याच्या हद्दीसारखीच आहे. नकाशात दिसते, शिवारात दिसत नाही.

मिगचे नाव थांब्यावर राहील. ते राहावेही, त्यात आमच्या भागातल्या दोन पिढ्यांचा घाम आहे. पुष्पकच्या नावाने थांबा नसला तरी दिवाळीच्या आठवडाभर आधीची ती अंधारी रात्र आणि विमानाच्या नाकात बसलेले ते पाच जण आठवणीत राहावेत, म्हणून हा लेखनप्रपंच. जानोरीच्या टर्मिनलवर पुढच्या वेळी विमानात पाऊल टाकाल, तेव्हा डावीकडच्या बंद दाराकडे एकदा बघा. त्या दाराआडच्या माणसांच्या खुर्चीखाली नळकांडे नसते.